अर्ध्या दाढीचा टेक

चैत्र शुद्ध षष्ठी, सूर्योदयाची वेळ. ठिकाण, पिंपळदऱ्याच्या रायाजी पाटलांची ओसरी. गावचा न्हावी सटवाजी याने पाटलांचा उजवा गाल साफ केला, वस्तरा पुसला, हत्यारांची धोपटी काखेला मारली आणि तो उठला. डावा गाल तसाच राहिला.

ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची. इतकी जुनी की गावाजवळच्या टेकडीवर, म्हणजे टेकावर, तेव्हा वाघ उन्हाला बसत, असं म्हणतात.

रायाजी पाटील वयाने पंचेचाळिशीचे, पण ओसरीवरून अंगणात उतरले तरी त्यांना धाप लागे. रात्री उशिरा तुपात बुडवून खायचं, मग आढ्याकडे बघत पडून राहायचं आणि सकाळी दिसेल त्याच्यावर ओरडायचं, हा त्यांचा दिनक्रम. तीन वैद्य येऊन गेले. तिघांनी काढे दिले, तिघेही जेवून गेले, आणि पाटलांना उठून चालायला सांगायची छाती तिघांपैकी एकालाही झाली नाही. ती झाली एका न्हाव्याला.

"सटव्या, उरलेली कोण करणार? तुझा बाप?"

"मीच करीन, धनी. पण मारुतीच्या पारावर. घरात माझा वस्तरा अर्धाच चालतो."

"जत्रेपर्यंत इथं बसून दाढी पुरी केली नाहीस, तर बायकापोरं घेऊन वेस ओलांड!"

सटवाजीच्या घरात पाच माणसं होती आणि गाव सोडून जायला दुसरं गाव नव्हतं. त्याने वाकून रामराम केला आणि तो पाराकडे चालू लागला.

आता पाटलांनी दुसरा न्हावी का बोलावला नाही? तर एका गावच्या न्हाव्याने दुसऱ्या गावात वस्तरा काढायचा नाही, अशी रीत होती. ती मोडणाऱ्या एकाला खुद्द रायाजी पाटलांनीच चावडीवर दंड केला होता. स्वतःच्या हाताने दाढी केली तर मान जातो. आणि पौर्णिमेच्या जत्रेत पालखीपुढे पाटलाने गुळगुळीत दाढी करून अनवाणी चालायचं, हेही ठरलेलं. स्वतःच राखलेल्या रिवाजात पाटील पुरते अडकले.

दुपारपर्यंत त्यांनी गालाला उपरणं गुंडाळून पाहिलं. शेवटी निघाले. पार घरापासून शंभर पावलांवर. पाटील चार वेळा थांबले. वाटेत तुळसा म्हातारी भेटली. ती म्हणाली, "पाटील, अर्धंच तोंड धुतलंत व्हय?"

दुसऱ्या दिवशी सटवाजी घरी आलाच नाही. अर्धी दाढी पारावर, अर्धी ओढ्यावर. तिसऱ्या दिवशी अर्धी ओढ्यावर, अर्धी टेकाच्या पहिल्या वळणावर. पाटील शिव्या देत मागून येत. शिव्या देता देता श्वास पुरू लागला, हे त्यांच्याआधी सटवाजीच्या लक्षात आलं.

रात्री जड जेवलेल्या माणसाच्या गालावर वस्तरा अडखळायचा, असं म्हणतात. "धनी, भाकरी दिवस मावळायच्या आत खा. नाहीतर मी कापीन, आणि बोल मला लागेल." पाटलांना गाल प्रिय होता. भाकरी लवकर झाली. पोट हलकं झाल्यावर झोपही वेळेवर येऊ लागली.

गालाला पाणी चोळताना सटवाजी रोज एकच विचारी, "काल मनाला काय टोचलं?" पाटील तीन दिवस विषय बदलत. चौथ्या दिवशी बोलले. बारा वर्षं सख्ख्या भावाशी, बाळोजीशी, अबोला होता. बांधावरून नव्हे, आईच्या दहाव्याला कोण आधी उठून गेलं यावरून. हे पाटलांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. सटवाजीने ते ऐकलं आणि गावात कुठेही नेलं नाही. रोज पन्नास माणसांच्या तोंडाशी बसणाऱ्याच्या पोटात ते राहिलं, हाच खरा चमत्कार, असं जुनी माणसं म्हणतात.

पाचव्या दिवशी सटवाजीने ओढ्यावर न थांबता पलीकडे, रोजची वाट सोडून, अर्धी दाढी केली. तिथे बाळोजीचं शेत. बाळोजी मोट सोडून वर बघतो तो समोर थोरला भाऊ, एक गाल गुळगुळीत, दुसरा करवंदीच्या जाळीसारखा. बाळोजी हसता हसता खालीच बसला. पाटील लालबुंद झाले, आणि मग त्यांनाही हसू फुटलं.

"दादा, आरसा घरात नाही का रे?"

"आहे. न्हावी नाही."

त्या हसण्याने टेकावरची पाखरं उडाली आणि तिन्हीसांजेपर्यंत खाली उतरली नाहीत, असं म्हणतात. उरलेला टेक दोघे भाऊ बरोबर चढले.

चतुर्दशीला उरलेली अर्धी दाढी टेकाच्या माथ्यावर झाली. उगवत्या उन्हात पाटलांचा गाल इतका चमकला की खाली गावात कोंबडे पुन्हा आरवले. नऊ दिवसांत कुठे असं होतं का, अशी शंका घेणाऱ्यांनी नऊ दिवस चढून यावं आणि मग बोलावं.

पौर्णिमेला पाटील पालखीपुढे अनवाणी, न थांबता चालले. वेशीजवळ सटवाजी बायकोपोरांसह उभा होता, डोईवर गाठोडं. हुकूम हुकूमच. पाटील पालखी सोडून त्याच्यापाशी गेले, गाठोडं स्वतः उतरवलं आणि सगळ्या गावादेखत म्हणाले, "सटवाजी, तू गेलास तर मी पुन्हा ओसरीवर बसेन. माझ्यावर एवढा राग काढू नकोस." सटव्याचा सटवाजी झालेला गावाने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

सटवाजी शंभरीपर्यंत टेक चढला, असं म्हणतात. शेवटच्या सकाळी तो चढला आणि खाली आली ती नुसती धोपटी, ओढ्याच्या पाण्यावर तरंगत.

आजही जत्रेच्या आधीचे नऊ दिवस पिंपळदऱ्यात सूर्य मावळायच्या आत चुली विझतात. चतुर्दशीला पुरुष अर्धी दाढी करून टेक चढतात. मुली एक वेणी घालून निघतात, दुसरी माथ्यावर घालतात. चढताना शेजारच्याला मनातलं एक सांगायचं, आणि ऐकणाऱ्याने ते तिथेच ठेवायचं. वाटेत हसण्याला बंदी नाही.

आठ वर्षांपूर्वी टेकाला पक्क्या पायऱ्या झाल्या आणि माथ्यावर संगमरवरी फलक बसला. त्यावर सदतीस नावं आहेत. सर्वांत वर रायाजी पाटलांचं, खाली देणगीदारांची, सरपंचांच्या व्याह्यांचं, वाळू आणणाऱ्या टेम्पोवाल्याचंही. सटवाजीचं नाही. नावांची यादी कोणी केली, हे ग्रामसभेत तीनदा विचारून झालं.