पांढऱ्या हातांचा कट्टा

नदीचा घाट उतरताना डाव्या हाताला हा दगडी कट्टा लागतो, आणि त्यावर हे पांढरे पंजे. नवखी माणसं विचारतात, कुठल्या देवीचं ठाणं आहे? देवीबिवी काही नाही. रविवारी आलात तर कळेल. आसपासच्या गावांतली कर्णबधिर माणसं बाजार आटोपून इथे जमतात आणि आठवड्याच्या बातम्या हातांनी सांगतात. कोणाचं लग्न ठरलं, कोण आजारी आहे, कोणाला नोकरी लागली.

पूर्वी घरात त्यांना कोणी काही सांगतच नसे. सगळे हसले, सगळे रडले, तरी विचारल्यावर एकच खूण, ‘मग सांगतो.’ ते ‘मग’ काही उजाडत नसे. रविवारचा बाजार हेच त्यांचं वर्तमानपत्र.

साठेक वर्षांपूर्वीच्या एका श्रावणात, असं सांगतात, कृष्णेला एवढा पूर आला की होडी नऊ दिवस बंद राहिली. आमच्या मार्तंड शिंप्याची बायको पलीकडे माहेरी बाळंतपणाला गेली होती. पहिल्या खेपेला मूल दगावलेलं. मार्तंडाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तो मशीन सोडून या कट्ट्यावर येऊन बसला. जेवेना, उठेना. ऐकू येणारे तरी काय करणार? पुराच्या घोंगावण्यात पलीकडची हाक पोचतच नव्हती.

पाचव्या दिवशी समोरच्या काठावर अनसूया कुंभारीण आली. तीही रविवारच्या मेळ्यातली. तिने खुणा केल्या, पण एवढ्या लांबून तिचे सावळे हात दिसेनात. मग ती म्हणे घरी गेली, पांढऱ्या मातीच्या पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवून आली आणि खडकावर चढली. आधी हातांचा पाळणा केला. मग नाकपुडीवर बोट ठेवलं, म्हणजे मुलगी. मग छातीवर दोन्ही हात, म्हणजे आई सुखरूप. मार्तंड ढसाढसा रडला.

ते पाहिलं आणि गाव जागं झालं. पलीकडे कोणी ना कोणी प्रत्येकाचंच होतं. पाटलीणबाईंपासून सगळे त्याच्यापुढे रांगेत उभे राहिले. माझे वडील बाळाप्पा नावाडी म्हणाले, “मार्तंडा, माझी आई तापानं पडलीया. तेवढं इच्यार की बाबा.” मग त्यांच्या ध्यानात आलं, याला ऐकू येत नाही. त्यांनी ताप दाखवायला कपाळाला हात लावला, काठी टेकत वाकून चालणारी म्हातारी करून दाखवली. मार्तंडाने मनात आणलं असतं तर तोही ‘मग सांगतो’ म्हणू शकला असता. त्याने एकालाही ताटकळत ठेवलं नाही. पाणी उतरेपर्यंत त्या दोघांनी अख्ख्या गावाची खुशाली पोचवली. त्यांचे उपकार आम्ही कसे फेडणार?

म्हणून गावाने शब्द दिला. घरात मूल जन्मलं की पहिली बातमी कर्णबधिर माणसांना सांगायची, घरच्यांना मागाहून. अनसूयेच्या आठवणीने दर पुरानंतर हे पंजेही नव्याने उमटतात.

आजही ती रीत चालू आहे. गेल्या माघात एका रविवारी मला नातू झाला. मुलगा दवाखान्यातून निघून आधी कट्ट्यावर गेला, आणि मी अंगणात येरझारा घालत राहिलो. घटकाभरच थांबावं लागलं, पण तेवढ्यात जीव कासावीस झाला. ती माणसं तर पिढ्यान्‌पिढ्या थांबली होती.