वेंडेल्सब्रुकचं आडवं दार

‘तुमच्यापैकी कोणीतरी हे दार उघडलं.’

वेंडेल्सब्रुक या जुन्या जर्मन शहराच्या खालच्या वेशीवर, कमानीच्या मधोमध, ही ओळ दगडात कोरलेली आहे. कोणी कोरली ते लिहिलेलं नाही, कोणाला उद्देशून तेही नाही. नदीकडून शहरात येणारा प्रत्येक जण तिच्याखालून जातो आणि नकळत जरा मान खाली घालतो. मीही घातली. माझा या शहराशी काडीचा संबंध नसताना घातली, आणि मग माझा मलाच राग आला.

ज्या दाराबद्दल हे लिहिलं आहे ते दार मात्र कमानीत नाही. ते खाली आहे. चार बोटं जाडीचं, लोखंडी पट्ट्या मारलेलं, भरलेली गाडी सहज जाईल इतकं रुंद दार जमिनीत आडवं बसवलेलं आहे. बाजाराला जाणारी माणसं, सायकली, बाळांच्या गाड्या त्याच्यावरून खडखडत जातात. दारात कुलपांची तीन भोकं आहेत. आम्ही गेलो तेव्हा तिन्हींत पाणी साचलं होतं.

शहर दाखवायला आमच्याबरोबर ओटमार फिंक नावाचे एक्याऐंशी वर्षांचे गृहस्थ होते. दर शनिवारी ते पाहुण्यांना गावातून फिरवतात. काखेत घडीची तिपाई घेऊन चालतात, पण स्वतः कधी तिच्यावर बसत नाहीत. त्या दिवशी तिच्यावर माझी इंदूआत्या बसली होती. ती महिनाभरासाठी माझ्याकडे आली होती आणि तिला जर्मन येत नसल्यामुळे मी भाषांतर करत होते. “तुला कळतंय ना ते काय म्हणतात, की तुझ्या मनचं सांगतेयस?” असं तिने दोनदा विचारून घेतलं.

गोष्ट सांगण्याआधी फिंक यांनी दोन गोष्टी दाखवल्या. वेशीपासून चर्चकडे जाणाऱ्या गल्लीतल्या जुन्या घरांना दाराशेजारी वीतभर खिडकी आहे. ती रस्त्याकडे उघडत नाही, तिरकी शेजाऱ्याच्या दाराकडे उघडते. दुसरी गोष्ट चर्चचा मनोरा. पहारेकऱ्याच्या खोलीला वर चारी बाजूंना खिडक्या होत्या. त्यातली नदीकडची विटांनी बुजवलेली आहे. या दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा, बाकी सगळं त्यातूनच घडलं, असं ते म्हणाले.

असं सांगतात की, तीस वर्षं चाललेल्या त्या मोठ्या युद्धाच्या काळात शत्रूचं घोडदळ या भागात फिरत होतं. भीतीने नगरसभेने वेशीबाहेरच्या लोकांना आठवडाभरासाठी आत घेतलं. वेशीबाहेर राहत होते कातडी कमावणारे. त्यांच्या कामाला नदीचं पाणी लागतं आणि त्या कामाचा वास बाकीच्यांना सहन होत नाही, म्हणून त्यांची वस्ती बाहेर. हे आत्याला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. “सगळीकडे तेच,” एवढंच ती म्हणाली.

त्या लोकांना चर्चमागच्या गवताच्या कोठारात ठेवलं होतं. चौथ्या दिवशी पहाटे शत्रूचे स्वार खालच्या वेशीशी आले आणि त्यांना दार उघडं सापडलं. ना दार फोडलं, ना भिंत चढले, सरळ आत आले. दुपारपर्यंत त्यांनी शहर लुटलं आणि एकशे सहा माणसं मारली. स्वार निघून गेल्यावर लोकांनी दार तपासलं. अडसर शाबूत होता, भिंतीला टेकवून ठेवलेला.

मग शहराला एकच प्रश्न उरला. मेलेल्यांना पुरून होण्याआधीच लोक एकमेकांकडे बघायला लागले होते, म्हणे. पाववाले पहाटे सगळ्यांच्या आधी उठतात, म्हणून त्यांच्याकडे बोट गेलं. विणकरांचं कापड शत्रूच्या मुलखात खपायचं, म्हणून त्यांच्याकडे. आणि कातडी कमावणारे तर त्याच आठवड्यात आत आले होते. नगरसभेने वर्षभर चौकशी केली. काही निष्पन्न झालं नाही, तेव्हा ती ओळ कमानीवर कोरून घेतली. गुन्हेगार सापडत नाही, तर निदान त्याला रोज ती वाचावी लागेल, असा विचार. एकाला शिक्षा करता येत नाही म्हणून सगळ्यांना करायची, यात त्या शहाण्या लोकांना काही वावगं वाटलं नाही.

वेशीला नवं दार केलं आणि त्याला तीन कुलपं लावली. एक किल्ली पाववाल्यांकडे, एक विणकरांकडे, एक कातडी कमावणाऱ्यांकडे. तिघे जमल्याशिवाय दार उघडायचं नाही आणि लावायचंही नाही. ज्यांच्यावर सर्वांत जास्त संशय त्यांना किल्ली कशी दिली, असं मी विचारलं. फिंक हसले. किल्ली दिली म्हणजे माणूस ताब्यात आला, असं त्यांनी समजावलं. किल्लीदाराने वेशीच्या आत, नगरसभेने दिलेल्या खोलीत राहायचं, आणि कातडी कमावणाऱ्यांच्या किल्लीदाराचं कुटुंब मात्र बाहेर वस्तीत. किल्ली आत आणि लेकरं बाहेर. तिघांनी एकमेकांच्या घरी जेवायचं नाही, चर्चमध्ये एका बाकावर बसायचं नाही. त्याच काळात घरांना त्या तिरक्या खिडक्या आल्या. मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्यालाही हुकूम झाला की, शत्रू बाहेरून येत नाही, आत असतो, तेव्हा तू शहराकडे बघ. त्याचं लक्ष दुसरीकडे जाऊ नये म्हणून नदीकडची खिडकी बुजवली.

असं करत लुटीला सात वर्षं झाली. चोरून दार कोणी उघडलं नाही, आणि यामुळे सगळ्यांची खात्रीच पटली की तेव्हा कोणीतरी उघडलं होतं.

सातव्या वर्षी कातडी कमावणाऱ्यांची किल्ली वाल्बुर्गा नावाच्या विधवेकडे होती. तिचा नवरा किल्लीदार होता. तो गेल्यावर दुसरं कोणी ते काम घ्यायला तयार होईना, म्हणून किल्ली तिच्या गळ्यात पडली. तिची सात वर्षांची मुलगी लेना बाहेर वस्तीत मावशीकडे वाढत होती. आई रोज सकाळी दार उघडायला यायची तेव्हा लेना पलीकडे उभी असायची आणि दोघी थोडा वेळ बोलायच्या. तेवढ्यावरही लोकांची नजर असायची. आई मुलीला काय निरोप देते, कोणासाठी देते, असं कुजबुजायचे, म्हणे.

त्या वर्षी नदी गोठली होती. मार्चमधल्या एका रविवारी सकाळी वरच्या अंगाला बर्फाचा बांध फुटला. रविवारी प्रार्थना संपेपर्यंत वेस बंद असे. सगळं शहर चर्चमध्ये होतं, तिघे किल्लीदार तीन कोपऱ्यांत. पहारेकरी मनोऱ्यावर होता, पण त्याला दिसत होती रिकामी गल्ली आणि बंद घरं. पाणी त्याच्या पाठीमागून येत होतं.

मग वेशीवर धक्के ऐकू आले. आधी एकदोन, मग सतत. चर्चमधल्या लोकांना सात वर्षांपूर्वीची पहाट आठवली आणि कोणी जागचं हललं नाही. धर्मगुरूने आवाज चढवून प्रवचन पुढे चालू ठेवलं, असं सांगतात. उठली ती फक्त वाल्बुर्गा. वेशीशी जाऊन तिने दाराला कान लावला, आणि पलीकडून आवाज आला तो तिच्या बहिणीचा. पाणी कमरेपर्यंत आलं आहे आणि लेना माझ्या खांद्यावर आहे, असं ती ओरडत होती.

वाल्बुर्गाने आपलं कुलूप काढलं. तिच्या हाकांनी पाववाल्यांचा किल्लीदार आला आणि कुरकुरत का होईना, त्यानेही काढलं. तिसरी किल्ली विणकरांच्या योस्टकडे होती. योस्टचे दोन्ही मुलगे त्या लुटीत मारले गेले होते. तो आला, त्याच्यामागे निम्मं चर्च आलं, पण कुलपापासून चार पावलांवर तो थांबला. दाराखालून पाणी आत झिरपत होतं. ते त्याला दिसत नव्हतं असं नाही. पण पाण्याच्या आडून स्वार आले असतील तर? बाहेरच्या बायकांना ओरडायला लावून कोणी मागे उभं असेल तर? सात वर्षं त्याला हेच शिकवलं होतं.

“आधी नाव सांगा,” तो म्हणाला, “तेव्हा कोणी उघडलं होतं त्याचं. नाव कळल्याशिवाय मी या दाराला हात लावणार नाही.”

पलीकडून धक्के येणं कमी होत चाललं होतं.

वाल्बुर्गा त्याच्याकडे वळली. “मी उघडलं होतं,” ती म्हणाली. “आता कुलूप काढ.”

योस्टने तिच्याकडे बघितलं, आणि किल्ली फिरवली.

दार उघडलं तेव्हा पाण्याबरोबर माणसं आत आली. दोनशेच्या वर होती. तीन म्हातारी माणसं आणि एक तान्हं मूल तेवढं वाचलं नाही. लेना वाचली. आईने तिला उचलून घेतलं, आणि तिथेच, मुलगी कडेवर असतानाच, नगरसभेच्या शिपायांनी वाल्बुर्गाला धरलं.

गोष्ट इथे संपली असती तर मला ती आवडली असती. पण फिंक पुढचं सांगताना आमच्याकडे बघत नव्हते, आणि मला वाटतं खरी आख्यायिका तीच आहे. दगाबाज बाईला पाण्यात बुडवून मारायची शिक्षा होती. पण नदी इतकी बेफाम होती की शिक्षा द्यायला जाणाऱ्यांचाच जीव गेला असता. म्हणून पाणी उतरेपर्यंत थांबायचं ठरलं. पाणी उतरायला अकरा दिवस लागले.

त्या अकरा दिवसांत कोणीही बोलू शकलं असतं. कारण लुटीच्या त्या पहाटे वाल्बुर्गा गवताच्या कोठारात बाळंत होत होती. सुईण तिच्याजवळ होती, वस्तीतल्या सहा बायका होत्या. पाण्याची भांडी पुरवणाऱ्या पाववाल्यांच्या दोन घरांना माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना लेनाचं वय मोजता येत होतं. पण तिने उघडलं नाही असं जो म्हणेल, त्याला पुढचा प्रश्न कोणता येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग उघडलं कोणी? सात वर्षांनी शहराला एक नाव मिळालं होतं. पाववाले सुटले होते, विणकर सुटले होते. वस्तीतली माणसं जिवंत होती आणि गुन्हेगार सापडल्यामुळे त्यांना आता वेशीच्या आत राहू देणार होते. तीही तोंड उघडेनात. वाल्बुर्गा स्वतःही काही बोलली नाही. लेनाला विणकामाच्या घरी ठेवू नका, तिला धुळीने खोकला होतो, एवढंच तिने सांगितलं, म्हणे.

बाराव्या दिवशी तिला पुलावरून नदीत सोडलं.

त्यानंतर मुलीला पालक नेमायचे म्हणून नगरसभा बसली. कारकुनाने तिची जन्मतारीख विचारली. धर्मगुरूने बाप्तिस्म्याची वही उघडली आणि नोंद मोठ्याने वाचली. लुटीचा दिवस, सूर्योदयाची वेळ, गवताचं कोठार, आईची अवस्था नाजूक, सबब घाईने बाप्तिस्मा. नोंद त्याच्याच हातची होती. सभेत सगळे खाली बघत होते. योस्ट तेवढा एक जण खरोखर दचकला. तो उठला, घरी जाऊन पहार घेऊन आला आणि वेशीचं दार बिजागऱ्यांतून काढायला लागला. एकट्याच्याने ते निघण्यासारखं नव्हतं. बऱ्याच वेळाने एक जण मदतीला आला, मग दुसरा. दार खाली आलं ते जिथे पडलं तिथेच राहिलं. कोणीतरी त्याच्या कडेने दगड बसवले. नवं दार पुन्हा कधी लावलं नाही.

आजही मार्चमधल्या त्या रविवारी, प्रार्थना चालू असताना, वेंडेल्सब्रुकमध्ये कोणी आपल्या घराचं दार लावत नाही. तासभर सगळं गाव उघडं असतं. कातडी कमावणाऱ्यांच्या वंशातली माणसं आजही त्या दारावर पाय ठेवत नाहीत, कडेच्या दगडांवरून जातात. फळ्या आतापर्यंत दोनदा बदलल्या, पट्ट्या आणि कुलपं मात्र जुनीच आहेत, हे फिंक यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. आणि त्या रविवारी निम्मे लोक दार उघडं टाकून आत पडद्याआड पहारा करत बसतात, हेही.

मला ते हसण्यावारी नेणं जमलं नाही. मी विचारलं, दार काढलंत, मग ती ओळ का ठेवलीत? एका बाईचा जीव गेल्यावर तरी ती पुसायला हवी होती. फिंक यांनी खांदे उडवले. पुसायचा ठराव दोनदा आला होता म्हणाले. दोन्ही वेळा कोणीतरी विचारलं की, अमक्यालाच ती पुसायची एवढी घाई का आहे? मग ठराव मांडणाऱ्याने तो मागे घेतला.

“पण मग उघडलं कोणी?” मी विचारलं. विचारल्यावर लाज वाटली, कारण योस्टनेही तेच विचारलं होतं.

फिंक यांनी आजूबाजूला बघितलं. मग आवाज उतरवून म्हणाले, मी पाववाल्यांच्या घराण्यातला, आमच्या घरी विणकरांचं नाव घेतात. विणकरांच्या घरी आमचं घेतात. माझी बायको विणकरांकडची आहे आणि आमच्या लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली. हा विषय आम्ही जेवणाच्या टेबलावर काढत नाही. मग आणखी हळू आवाजात त्यांनी मला एका घराण्याचं नाव सांगितलं, आणि ते कुठे लिहू नका म्हणाले.

आत्या इतका वेळ तिपाईवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिला सगळं सांगितलं. चारशे वर्षं होत आली तरी यांना तो माणूस सापडलेला नाही, असंही सांगितलं. तिने गुडघ्यावर हात टेकले, उठली आणि तिपाईची घडी करून फिंक यांच्या हातात दिली.

“अगं, कोणी उघडलंच नसेल,” ती म्हणाली. “दमलेलं असतं माणूस. रात्री अडसर घालायचा राहून गेला असेल.”