माळावरची पहार

विश्वास कोणावर ठेवावा, तुम्हीच सांगा. ज्याने सगळा मुलूख पायाखाली घातला त्याच्यावर, की जो एका माळावरून कधी हलला नाही त्याच्यावर?

मी पुष्कळ वर्षं पहिल्याच्या बाजूने होतो. कारण पहिला म्हणजे मीच.

आमचा धंदा घोंगड्यांचा आणि लोकरीचा. शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं मालमोटारीच्या पुढच्या सीटवर बसून शिकलो. माझं नाव बसू, आणि लोक म्हणत, जिथं लोकर, तिथं बसू.

धुळातात्या मेंढपाळ. माझे वडील, अण्णा, चाळीस वर्षं त्यांच्याकडून लोकर घेत. लोकर बघायला एक तास पुरे, पण अण्णा दोन दिवस राहायचे. दोघं माळावर घोंगडं टाकून पडायचे. बोलायचे काय, देव जाणे. अण्णा घरी आले की धोतराला ही कुसळं! आई वेचता वेचता म्हणायची, "आणलात निम्मा माळ घरी?"

ते घर, तो गवताचा वास... असो.

अण्णा गेले. पहिल्या पुण्यतिथीला मी त्यांच्या नावाने पाचशे झाडं लावायचं ठरवलं. गावाने माळाचा बारा एकरांचा तुकडा दिला. रोपं आली. 'अण्णांची राई' अशी पाटीही रंगवून झाली. पुण्यतिथीच्या सकाळी पाहुणे येणार होते.

त्याच तुकड्यावर तात्यांची मेंढरं चरायची. झाडांना कुंपण पडलं की ती चराई संपणार. म्हणून आदल्या दिवशी दुपारी मी पहार घेऊन माळावर गेलो. तात्यांना विचारायला नाही, सांगायला.

तात्यांनी ऐकून घेतलं. चराईचा शब्द काढला नाही. तंबाखू मळत म्हणाले, "बर्फात गेलतास म्हणं?"

हा माझा आवडता विषय. मी मांडी ठोकून बसलो.

"लडाखात, तात्या! तिथला याक बघायला पाहिजे होतात तुम्ही. केस पोटाखाली लोंबतात. खाली बसला की स्वतःच्याच घोंगड्यावर बसतो."

तात्या खूश झाले. "आन् झाडं?"

"तिथं झाडं कुठली? बोटभर गवत, तेही दोन-तीन महिने."

"मंग तू लावलीस का?"

"तिथं कशाला? ते तसंच असतं."

"हं... आन् वाळूत?"

"वाळवंटातही राहून आलो. उंट बघा, वादळ सुटलं की नाकपुड्या मिटून घेतो. आपण दुकानाला फळ्या लावतो ना, तश्शा."

"तिथं लावलीस?"

"वाळवंट आहे ते, तात्या! तिथं राई लावून काय करू?"

"आन् कोकणात?"

"खाडीत कांदळवन आहे. चिखलात जीव गुदमरतो म्हणून त्या झाडांची मुळं वर येतात. बोटं वर करून उभी असतात नुसती."

"ती बोटं पुरलीस का परत चिखलात?"

"मरतील की हो ती!"

तात्या हसले. मीही हसलो. मग ते हसायचे थांबले.

"आन् हितं काय हाय, बसू?"

"इथं? इथं काय आहे, तात्या? मोकळा माळ." मी खिशातली वही काढून दाखवली. जागा बघायला आलो होतो तेव्हाची नोंद होती. 'बारा एकर. रिकामा.'

त्यांना वाचता येत नव्हतं. पण त्या ओळीवर त्यांनी बराच वेळ बोट ठेवलं.

"लई झ्याक. मंग असं कर. जिथं कायबी न्हाई, तिथं पहार घाल. पयला खड्डा तुझा. राहिलेले समदे मी घेतो."

एवढंच? मी उठलो.

पहिल्या जागी पहार उचलली तर पायाशी मुंग्यांचं बीळ. बिळाभोवती गवताच्या बियांची टरफलं, गोल रचलेली. वाणी दारात गोणपाट झटकतो तशी.

"सरक म्होरं," तात्या म्हणाले.

पुढे खोकडाचं, म्हणजे माळावरच्या लहान कोल्ह्याचं, बीळ. तोंडाशी पिसं, आणि पिल्लांच्या एवढुशा पायांचे चार-सहा ठसे.

"सरक."

त्यापुढे लेंड्यांचा ढीग. जुन्यावर ताजा.

"हे तरी काही नाही ना?"

"काळवीट रोज हितंच येऊन टाकतो. ही त्येची शीव. दुसऱ्या नरानं हितनं मागं फिरायचं." तात्यांनी तंबाखूची पिंक दूर वळून टाकली. "घाल की पहार. अण्णाचं नाव हितं लावतोस?"

मी पुढे गेलो. ऊन कललं. बर्फात वाट काढणारा माणूस मी, आणि गावाजवळच्या माळावर एक रिकामी वीत सापडेना. माझा राग वाढत चालला.

शेवटी मुरमाची एक उघडी जागा दिसली. गवताची काडी नाही. बीळ नाही. तळहातासारखी स्वच्छ.

"ही घ्या!" मी ओरडलो आणि दोन्ही हातांनी पहार डोक्यावर नेली.

समोरून एक पाखरू धावलं. थांबलं. ताठ उभं राहून माझ्याकडे बघितलं. पुन्हा चार पावलं धावलं. उडत नव्हतं.

"बसू... टाच बघ."

टाचेपासून चार बोटांवर दोन खडे होते. पण खडे नव्हते. अंडी होती. मुरमाच्या रंगाची, मुरमासारखेच ठिपके असलेली. ना घरटं, ना काडी, ना आडोसा.

माझे हात वरच राहिले.

तात्यांनी माझ्या हातातून पहार हळूच काढून घेतली. अंड्यांपासून दोन पावलांवर ती उभी रोवली. मुंडाशाची लाल चिंधी फाडून तिच्या टोकाला बांधली. मग तोंडाने शीळ घातली.

दोनशे मेंढरं धुरळा उडवत आली. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा कळप पहारीपाशी दुभंगला होता. भांग पाडावा तसा. निम्मी मेंढरं डावीकडून गेली, निम्मी उजवीकडून. पुढे जाऊन पुन्हा एक झाली.

धुरळा बसला. पाखरू धावत आलं आणि अंड्यांवर बसलं.



"तात्या... अण्णा इथं येऊन दोन-दोन दिवस काय करायचे?"

तात्यांनी माझ्या पायांकडे बघितलं.

"त्यो पयल्यांदा चपला काढायचा."

...

मी चपला काढल्या.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना एकेक रोप देऊन त्यांच्या त्यांच्या दारी धाडलं. उरलेली बाजाराच्या रस्त्याला लागली. तिथं आता बायाबापड्या सावलीत भाजी विकतात. पाटी अजून आमच्या गोदामात आहे, लोकरीच्या गठ्ठ्यांमागे. तात्याही जाऊन वीस वर्षं झाली. कधी ती वही उघडतो, तर पानांच्या बेचक्यात एक कुसळ सापडतं. बोटाला टोचतं, बरं वाटतं.

त्या संध्याकाळी निघताना मी वहीतला 'रिकामा' हा शब्द खोडला होता. मुंग्या लिहिल्या, खोकड लिहिलं, काळवीट लिहिलं. पाखराचं नाव तात्यांना विचारून घेतलं, धाविक. मग सगळं लिहून झाल्याच्या थाटात त्यांच्यापुढे वही धरली.

तात्यांनी पानावर हात फिरवला. शेवटच्या ओळीखाली येऊन बोट थांबलं.

"हिशेब खरा ठेव, बसू... जे तुला दिसलं न्हाई, त्येच्यासाठी बी जागा सोड."