निवृत्तीची काळी चार

एका गावात पिठाची एक गिरणी होती आणि तिचा मालक भोळा होता. नाव निवृत्ती. गिरणीत वरून ज्वारी टाकली की खाली ज्वारीचंच पीठ येतं, बाजरीचं येत नाही. निवृत्तीच्या डोक्याचंही तसंच होतं. वरून जो शब्द पडेल तोच खाली यायचा. म्हणून गावातले चार शहाणे लोक त्याच्याशी जपून बोलत, आणि बाकीचे मजा बघायला मुद्दाम बोलत.

त्याची बायको गोदा. लग्नात येताना तिनं दोन गोष्टी आणल्या होत्या. एक जुनी पेटी, म्हणजे वाजवायची पेटी, आणि आईकडून शिकलेलं तीन कडव्यांचं एक गाणं. पेटी कोनाड्यात बसून राहिली. गाण्याचं मात्र नशीब खोटं. पहिलं कडवं झालं की दूध उतू जायचं. दुसरं सुरू झालं की गिरणीवर कोणीतरी डबा आपटायचं. अकरा वर्षांत तिसरं कडवं त्या घरात एकदाही झालं नव्हतं. ते आपल्याला अजून येतं की नाही, याची आता गोदालाच शंका यायला लागली होती.

लोक म्हणायचे, गोदे, एवढा गोड गळा, नाव काढशील. गोदा म्हणायची, "मला नाव नाय काढायचं. मला गाणं काढायचंय. घरात बसून, शेवटपर्यंत."

एक दिवस ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, तुम्ही पेटी धरा, मी म्हणते."

निवृत्तीनं पेटी धरली. दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरली. एक कडवं होईस्तोवर त्याला घाम फुटला.

"अहो, वाजवायची!" गोदा म्हणाली. "जा, त्या तात्याबुवांना विचारून या."

तात्याबुवा गावच्या भजनात पेटी वाजवायचे. त्यांनी निवृत्तीला समोर बसवलं आणि सांगितलं, "हे बघ, तुला काही अवघड नाही. गोदाची पट्टी काळी चार. पांढरीत तिचा गळा बसत नाही. तू आपली काळी चार धरायची आणि भाता हलवत राहायचं."

आता गावाकडं काळी म्हणजे शेतं आणि पांढरी म्हणजे वस्ती. बुवांच्या तोंडून काळी शब्द पडला आणि निवृत्तीच्या डोक्यातून शेत बाहेर आलं. पांढरीत गळा बसत नाही म्हणतात, तर बसत नसेल. त्यानं पेटी डोक्यावर घेतली, गावाबाहेर काळीत गेला, एक दोन तीन चार असे बांध मोजले आणि चौथ्या वावरात जाऊन बसला. तिथं ऊस होता. उसाला नुकतंच पाणी दिलेलं. निवृत्ती तिन्हीसांजेपर्यंत भाता हलवत राहिला. इकडं गोदा घरात आवाज तयार करून वाट बघत बसली.

चिखलानं भरलेली पेटी बघून तात्याबुवांनी कपाळाला हात लावला.

"अरे, काळी म्हणजे पेटीवरची काळी पट्टी! ही बघ, चौथी." बुवांनी तिच्याजवळ कुंकवाचं बोट लावलं. "ध्यानात ठेव. कोणी पट्टी म्हटलं की पेटी उघडायची. रानात पळायचं नाही."

"बरं," निवृत्ती म्हणाला.

दोन दिवसांनी लहानू सुतार गिरणीचा दरवाजा दुरुस्त करायला आला. काम करता करता त्याची पटाशी सटकली आणि बोटावर बसली.

"निवृत्ती, पट्टी आण! लवकर!"

निवृत्ती धावत घरात गेला आणि पेटी घेऊन आला. लहानूपुढं मांडी घालून बसला.

"कुठली? काळी का पांढरी?"

"कुठली पण आण रे!"

"कुठली पण कशी चालेल? बाईची पट्टी पुरुषाला उंच जाते."

"अरे, रगताची धार लागलीय!"

निवृत्तीनं विचार केला आणि काळी एक दाबली. लहानूनं त्याहून वरच्या सुरात बोंब ठोकली. "बघ," निवृत्ती म्हणाला, "तुला उंचच पाहिजे होती. आधी सांगायचं."

बोंब ऐकून गोदा धावत आली. तिनं फडकं फाडलं आणि लहानूचं बोट बांधलं. मग नवऱ्याकडं वळली.

"अहो, धार लागल्यावर कोणी वाजवत बसतं का? फडकं घ्यायचं, घट्ट आवळायचं, थांबेपर्यंत सोडायचं नाही!"

"बरं," निवृत्ती म्हणाला.

गुरुवारी बुवा स्वतः घरी आले. म्हणाले, मी समोर बसतो, बघू कसं चुकतंय. गोदानं दूध आधीच तापवून उतरवलं होतं. निवृत्तीनं काळी चार धरली. खरं सांगायचं तर चांगली धरली. गिरणीवाल्याचा हात, भाता कसा एकसारखा हलत होता. पहिलं कडवं झालं. काहीही उतू गेलं नाही. दुसरं सुरू झालं. गोदाचा आवाज मोकळा होत गेला आणि बुवांना राहवलं नाही.

"वा गोदे, वा! सुरांची धार लागली बघ, धार!"

निवृत्ती ताडकन उठला. खांद्यावरचं फडकं काढलं, भात्याला गुंडाळलं आणि दातानं ओढून गाठ मारली. पेटी एकदा कण्हली आणि गप झाली.

"थांबली," तो म्हणाला. "घाबरू नका."

गोदाचं दुसरं कडवं तोंडातच राहिलं. बुवा गाठ सोडत बसले आणि सोडता सोडता बोलत राहिले. "अरे शहाण्या, धार लागली की अडवायची नसते! वाट मोकळी करून द्यायची. मधे काही येऊ द्यायचं नाही. काही म्हणजे काही नाही."

"बरं," निवृत्ती म्हणाला.

शनिवारी ठकूआजी दळण घेऊन आली. तिच्या नातीला बघायला पाहुणे यायचे होते, म्हणून चांगली निवडून टिपून आणलेली ज्वारी होती. तिनं डबा लावला आणि बाजूला टेकली. तिला कमी दिसायचं.

"निवृत्ती, लागली का रे पिठाची धार?"

"लागली, आजी."

आणि त्यानं मधला डबा काढून घेतला. दारातलं पोतंही सरकवलं. वाट चांगली मोकळी करून दिली. पीठ जमिनीवर आलं, जमिनीवरून उंबऱ्यावर, उंबऱ्यावरून अंगणात. अंगणात ठकूआजीच्या कोंबड्या तिच्या मागोमाग आल्याच होत्या. त्यांनी पाहुण्यांची वाट बघितली नाही.

"मेल्या!" आजीनं काठी उगारली. "धार लागली की खाली डबा धरायचा! भरला की वरून झाकण दाबायचं, म्हंजे कणभर बाहेर जात नाय! एवढं पण कळंना तुला?"

"आता कळलं, आजी," निवृत्ती म्हणाला. आणि त्याला खरंच कळलं होतं, हीच तर पंचाईत होती.

रविवारी गिरणी बंद. बुवा नाहीत, सुतार नाही, आजी नाही. गोदा न्हाऊन, केस मोकळे सोडून बसली. आज होणार, असं तिला आतून वाटत होतं. तिनं डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्यात आवाज असा काही लागला की तिचं तिलाच बरं वाटलं. मग पेटी थांबली. गोदा थांबली नाही. म्हटलं, असेल काही, आपण म्हणत राहावं. तेवढ्यात तिचा आवाज एकदम घुमायला लागला, आडात तोंड घालून बोलावं तसा. तिनं डोळे उघडले. हनुवटीखाली पिठाचा डबा होता.

ती बोलायच्या आत निवृत्तीनं झाकण दाबलं. डबा कानाशी नेला आणि हलवून बघितला.

"आहे आत," तो म्हणाला. "कणभर बाहेर जाऊ दिलं नाही."

गोदाला आधी हसू आलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि मग तिला खरंच रडू फुटलं. निवृत्तीला बोलणं उशिरा कळायचं, पण रडणं लगेच कळायचं. तो डबा घेऊन नुसताच उभा राहिला.

"अकरा वर्षं झाली," गोदा म्हणाली. "तुमच्याकडून कधी लुगडं मागितलं नाय, सोन्याचा डाग मागितला नाय. एक गाणं शेवटपर्यंत म्हणायचंय, एवढंच. ते काय डब्यात मावतं का?"

"मग कशात मावतं?"

"घरात मावतं, घरात! नीट ऐका. घरात जो कोणी आला असेल त्याला चहापाणी विचारायचं आणि वाटेला लावायचं. मग दारं लावायची, कड्या घालायच्या. माझं तिसरं कडवं होईस्तोवर उघडायचं नाय. देव जरी आला तरी. कळलं?"

निवृत्तीनं तिच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं आणि पाठ केलं. या वेळी सांगणं अगदी बरोबर होतं, आणि ऐकणंही. सगळं सुरळीत झालं असतं. पण सोमवारी सकाळीच दराडे सर आले.

दराडे सर तालुक्याच्या हौशी कलावंत मंडळाचे कार्यवाह. कुणाची हौस घरातल्या घरात फुकट चाललेली त्यांना बघवत नसे. ती बाहेर काढावी, तिला नंबर द्यावा, छातीवर बिल्ला लावावा, तीन परीक्षकांपुढं उभी करावी, म्हणजे ती खरी हौस, असं त्यांचं मत होतं. बुवांकडून त्यांना गोदाचं नाव कळलं होतं, आणि बुवाही बरोबर आले होते.

"घरात कसलं गाता, ताई?" सर म्हणाले. "गळा वाया चाललाय. आज तालुका, उद्या जिल्हा, परवा टीव्ही!"

"नको," गोदा म्हणाली.

"गावाचं नाव होईल," बुवा म्हणाले.

"गावाला आहे की नाव," निवृत्ती म्हणाला. पण त्याचं कोण ऐकतो?

गोदानं तीनदा नको म्हटलं आणि चौथ्यांदा गप्प बसली. तिच्या मनात वेगळंच आलं होतं. तिथं दूध नसेल. गिरणी नसेल. डबे नसतील. घरात नाही होत, तर निदान तिथं तरी आपलं गाणं पुरं होईल. ती बरं म्हणाली. गावानं जीप ठरवली.

स्पर्धा दुपारी होती. हॉल मोठा, दोनशे खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. पुढं तीन परीक्षक. त्यांच्या बाजूला हातात घंटा घेतलेला एक माणूस. नियम असा की प्रत्येकाला तीन मिनिटं. तीन मिनिटं झाली की घंटा, मग गाणं कुठंही असो. एका बाईंचा साजण उंबऱ्यापर्यंत आला आणि घंटा झाली, तो बाहेरच राहिला. एका आजोबांनी मोठा श्वास घेतला आणि तो तसाच घेऊन खाली उतरले. लोक दोघांनाही टाळ्या वाजवत होते.

गोदानं मनातल्या मनात गाणं मोजलं. तीन कडव्यांना सहा मिनिटं. म्हणजे इथंही दुसऱ्या कडव्यावर मोडणार. दूध नाही तर घंटा. तिचा चेहरा उतरला, पण तोवर नाव पुकारलं होतं.

निवृत्तीनं पेटी स्टेजवर ठेवली. समोर दोनशे माणसं बघून त्याचे हात थरथरायला लागले. पडद्याआडून दराडे सर हळूच म्हणाले, "निवृत्तीराव, घाबरता कशाला? आपलंच घर समजा!"

"आपलंच?"

"आपलंच."

"म्हंजे माझं?"

"अहो, तुमचंच! आता काय लिहून देऊ का?" सरांना घाई होती.

निवृत्तीचे हात एकदम थांबले. स्वतःच्या घरात माणूस कशाला थरथरेल? तो उठला, गोदापुढचा माईक हातात घेतला आणि घरमालकाच्या आवाजात म्हणाला, "राम राम मंडळी. चहा झाला का सगळ्यांचा?"

"नाही!" हॉल एका सुरात म्हणाला. दुपारपासूनचं ते पहिलं समूहगान.

"मागच्या पडवीत ठेवलाय. घ्यावा, आणि मग ज्यानं त्यानं आपापल्या वाटेला लागावं. बरं झालं आलात."

चहा खरंच ठेवलेला होता, मध्यंतरासाठी; आत येताना निवृत्तीनं तो बघितला होता. खुर्च्या सरकल्या. परीक्षक सगळ्यांत पुढं होते, कारण ते सगळ्यांत पुढं बसले होते. घंटावाल्याचं घड्याळ तीन मिनिटांवर आलंही नव्हतं, तोवर तो पडवीत होता. "अहो, मध्यंतर नाही! बसा, बसा!" असं ओरडत दराडे सर लोकांच्या मागं धावले आणि तेही बाहेर गेले. मग निवृत्ती खाली उतरला. हॉलला चार दारं होती. चारही लावली. चारही कड्या घातल्या. कड्या ओढून बघितल्या.

"अहो," गोदा म्हणाली, "हे काय केलंत तुम्ही?"

"चहापाणी विचारलं, वाटेला लावलं, दारं लावली," निवृत्ती म्हणाला आणि पेटीपुढं बसला.

गोदानं दोनशे रिकाम्या खुर्च्यांकडं बघितलं. मग नवऱ्याकडं बघितलं. एवढी मोठी चूक त्यानं आजवर केली नव्हती. तिनं हसू दाबायचा प्रयत्न केला, जमेना, मग तो सोडून दिला. पदर नीट केला.

"लावा," ती म्हणाली.

त्यानं काळी चार लावली. पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं तेव्हा बाहेर गडबड सुरू झाली. दुसरं संपताना दार वाजायला लागलं. निवृत्तीचा भाता हलत राहिला. आणि मग तिसरं कडवं आलं. सगळं आलं, एक शब्द हरवला नव्हता. शेवटची ओळ गोदानं दोनदा म्हटली, मग तिसऱ्यांदा, आणि सूर हॉलभर फिरून तिच्याजवळ येऊन थांबला. तिनं डोळे पुसले. एवढा आनंद तिला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

बाहेर तिन्ही परीक्षक दार बडवत होते.

"निवृत्तीराव, दार उघडा!" दराडे सर ओरडत होते. "पहिला नंबर ताईंचाच म्हणतायत! पण एकदा गाणं ऐकू तर द्या!"

निवृत्तीनं गोदाकडं बघितलं. "झालं ना तिसरं? उघडू?"

"थांबा," गोदा म्हणाली. "आणखी एकदा म्हणते. पहिल्यापासून."

निवृत्ती उठला, दाराजवळ गेला आणि फटीला तोंड लावून दमदार आवाजात म्हणाला, "पाव्हणं, घरात गाणं चाललंय. तुम्हाला एवढंच ऐकायचं असलं तर आपापल्या घरी जावा, आणि म्हणा की!"