सशिणीचा भूर्ज

उंच हिमालयात, जिथवर चढता चढता देवदारही मागे राहतात, अशा एका उतारावर एक सशीण बीळ करून राहत होती. एकदा वरच्या कड्यावरून परतताना तिला वाटेत, याकांच्या खुरांखाली चेंगरलेले भूर्जाचे रोप दिसले. मुलांनो, भूर्ज म्हणजे ज्याच्या कागदासारख्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहीत, ते झाड. सशिणीला त्याची दया आली. मुळांच्या मातीसकट तिने ते दातांत धरून आणले आणि बिळाच्या वरच्या अंगाला, आपल्या चिमुकल्या बागेत लावले. उन्हाळ्यात ती ओढ्यावरचे ओले शेवाळ आणून त्याच्या बुंध्याशी पसरी. रानशेळ्या पाला खायला आल्या, की पाय आपटून आपटून त्यांना हुसकावी. पाहता पाहता रोपाचे झाड झाले.

शेजारी एक साळिंदर राहत होते. ते एके दिवशी म्हणाले, "सशीणताई, काय हे झाड! फळ नाही, वास नाही, अंगावरची सालसुद्धा धड टिकत नाही. माझं जर्दाळूचं झाड बघ, थेट खालच्या दरीतून आणलंय. सांगशील तर हे आत्ता कुरतडून देतो. इथे जर्दाळू लाव."

सशीण विचारात पडली. आपल्या पिल्लांना गोड फळे मिळालेली कोणत्या आईला नको असतात? "बघते हं, साळूदादा," ती म्हणाली. संध्याकाळी ती झाडापाशी जाऊन बसली. पाने पिवळी झाली होती. सालीच्या सुटलेल्या पापुद्र्यांतून मावळतीचे ऊन आरपार येत होते आणि पिल्ले त्या पापुद्र्यांशी झोंबत खिदळत होती. 'याला नुसतं बघितलं तरी माझा शीण जातो,' तिच्या मनात आले. 'आणखी काय हवं?' दुसऱ्या दिवशी तिने साळिंदराला नाही म्हणून सांगितले. ते फुरफुरत निघून गेले.

त्या हिवाळ्यात बर्फ पडले ते थांबेचना. एका सकाळी वरचा बर्फाचा थर सुटला आणि धडधडत खाली आला. जर्दाळूचे खोड काडकन मोडले. भूर्ज मात्र वाकला, इतका वाकला, की त्याचा शेंडा जमिनीला टेकला. पण मुळांनी माती सोडली नाही. त्याला अडून लोंढा दोहो बाजूंना फाकला आणि सशिणीचे बीळ वाचले. ती बाहेर येते तो साळिंदर ओरडत होते, "ताई, माझी बायको-पोरं बर्फाखाली बिळात अडकली गं!" सशिणीने क्षणभरही वेळ दवडला नाही. दोघांनी मिळून बर्फ उकरले आणि गारठलेल्या त्या जिवांना बाहेर काढले. थंडी सरेपर्यंत दोन्ही कुटुंबे भूर्जाखालच्या त्या एकाच बिळात राहिली.

बर्फ वितळले तसा भूर्ज हळूहळू उभा राहिला. त्याची एक फांदी तुटली होती, मुळे उघडी पडली होती. सशीण पंजांनी माती लोटत होती आणि म्हणत होती, "बाबा रे, माझी पिल्लं तुझ्यामुळे आहेत. तुझे उपकार कसे फेडू?" मागे साळिंदर काटे मिटून उभे होते. ते खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, मी याला कुरतडायला निघालो होतो."

सशीण हसली. "पण कुरतडलं नाहीस ना? मग बघत काय उभा राहिलास! ये, ती बाजू उघडी आहे, तिथे माती दाब."

तात्पर्य : आपल्या मातीतल्या झाडाचे मोल केवळ फळांवरून ठरवू नये, त्याला मायेने वाढवावे आणि त्याच्या आधाराची कृतज्ञतेने आठवण ठेवावी.