खर्ड्याचा डाव

“मग तुम्हीच सांगा सर, हिनं खेळ मोडला की नाही?”

अभिरामनं विचारलं. निरंजनबुवा समोर अंथरलेला कापडी नकाशा न्याहाळत राहिले.

टेकडीवरच्या त्या लहानशा मठात येणारे सगळे त्यांना बुवा म्हणत. अभिराम मात्र अजून सरच म्हणे. संन्यास घेण्याआधी ते एका सैनिकी शाळेत इतिहास शिकवत. पोरांना मैदानात नेत, वाळूचे गड उभारत आणि जुन्या लढाया पुन्हा लढायला लावत. अभिरामला हे वेड लागलं ते तिथंच.

आता त्यानं स्वतःचे नियम बांधले होते. तीन वर्षं खपून. फासे, हातानं रंगवलेल्या लाकडी सोंगट्या आणि खर्ड्याची लढाई. एका बाजूला मराठे, दुसऱ्या बाजूला निजाम. खेळ छापायला जायचा होता. त्याआधी चाचणीचा एक डाव झाला आणि त्यात धाकट्या बहिणीनं, शलाकानं, सगळा विचका करून ठेवला.

“केलं काय तिनं?” बुवांनी विचारलं.

“निजाम तिच्याकडे होता. दुसऱ्याच पाळीला सगळी फौज घेऊन खर्ड्याच्या किल्ल्यात जाऊन बसली. बाहेर येईच ना! समोरची निम्मी फौज मारल्याशिवाय जिंकता येत नाही, आणि किल्ल्यावर हल्ला करता येत नाही. डाव संपावा कसा?”

“हल्ला करता येत नाही, हा नियम कुणाचा?”

“…माझाच. पण असं कुणी लढतं का, सर?”

शलाका दारापाशी बसली होती. बुवांनी दोघांना बोलावलं म्हणून आली होती. वाटभर भावाशी चकार शब्द बोलली नव्हती. त्या दिवशी चार मित्रांदेखत तो ओरडला होता, ‘भित्र्यांचं काम नाही हे!’ ते तिला फार लागलं होतं.

“मांड,” बुवा म्हणाले. “मी मराठे. तू निजाम हो.”

अभिराम खूश झाला. लढायचं कसं ते हिला आता दिसेल, सरही बघतील. त्यानं फौज थेट उघड्या माळावर उतरवली.

फासे पडू लागले. आघाडीचे घोडेस्वार गेले. तोफा गेल्या. मेलेली सोंगटी बुवा अलगद उचलत आणि शेजारच्या ताटलीत ठेवत. दर वेळी बारीकसा आवाज व्हायचा. टक्.

अभिराम ताटलीकडे बघू लागला. त्या प्रत्येकाचा फेटा त्यानं एकेका केसाच्या कुंचल्यानं रंगवला होता.

टक्.

मागं थोडेच स्वार उरले. त्याची पाळी आली. हात पुढं झाला, घुटमळला… आणि त्यानं ते स्वार उचलून किल्ल्यात ठेवले.

आपण काय केलं, हे त्याला जरा उशिरानंच कळलं.

“का नेलेस?” बुवांनी विचारलं.

“वाचतील म्हणून…”

“तुझ्या नियमांत वाचलेल्यांना गुण किती?”

नियम त्याला तोंडपाठ होते. त्यांत हे कुठंच नव्हतं.

“आणि लढाईच्या दिवशी खराखुरा निजाम कुठं गेला होता रे?”

हे त्याला शाळेत सरांनीच शिकवलं होतं.

“किल्ल्यात,” तो पुटपुटला.

तो उठला आणि दारापाशी जाऊन बहिणीच्या शेजारी बसला.

“शले, चुकलो मी. नको ते बोललो. तू होतीस म्हणून कळलं… नाहीतर हे असंच छापून गेलं असतं गं.”

तिनं नकाशाकडे बोट केलं.

“किल्ल्यातल्यांना तहान नाही का लागणार?” तिनं विचारलं.

“काय?”

“आत इतकी माणसं, इतकी घोडी. पाणी कुठनं आणणार? त्याचा नियम कुठाय?”

चार दिवसांपूर्वी असं कुणी विचारलं असतं तर अभिरामच्या कपाळावरची शीर ताठ झाली असती. आज त्याला हसू फुटलं. आपल्या खेळाची कुणाला इतकी काळजी वाटावी, या विचारानं त्याचे डोळे भरून आले.

“चल, मांडू पुन्हा,” तो म्हणाला. “आणि दिसेल ती खोट काढ. सोडू नकोस.”

तिनं सोडलं नाही. उन्हं कलेपर्यंत दोघं नकाशावर वाकून भांडत होती, खोडत होती, पुन्हा मांडत होती. बुवांनी एकदा चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

निघताना अभिराम पाया पडला. उठवेना त्याला.

“तुमचे उपकार कसे फेडू, सर? …आता तरी झाले ना माझे नियम बरोबर?”

बुवांनी त्याला खांद्याला धरून उठवलं.

“आत्ता कुठं त्यांच्या चुका दिसायला लागल्यात. त्या दाखवणारीला जप.”