इनासचं कण्हणं

समुद्र आणि मिठागरं यांच्या मधे, केळीच्या बागांत दडलेल्या एका गावात, इनास नावाचा एक भाविक राहायचा. भाविक म्हणजे साधासुधा नाही. सकाळच्या मिस्साला, म्हणजे देवळातल्या प्रार्थनेला, पहिल्या बाकावर पहिला तोच. गुडघे असे टेकायचा, की मागच्या बाकावरच्या माणसाला आपल्या गुडघ्यांची लाज वाटावी. जपमाळ ही खिशात ठेवायची वस्तू आहे हे त्याला मान्यच नव्हतं. ती मनगटाला वेढे देऊन हातात, बाजारात वांगी निवडतानासुद्धा. उपवासकाळ लागला की तो मटण सोडायचा, अंडं सोडायचा, चहातली साखर सोडायचा. सोडलंय हे सांगणं तेवढं सुटायचं नाही.

पण पंचक्रोशीत त्याचं नाव झालं होतं ते कण्हण्यामुळे.

त्याचं असं, की येशूला क्रुसावर दिलं त्या शुभ शुक्रवारी त्या गावात क्रुसाची वाट निघायची, जिवंत माणसांची. एक जण येशू व्हायचा. पोरं पुठ्ठ्याची शिरस्त्राणं घालून रोमन शिपाई व्हायची. यरुशलेमच्या रडणाऱ्या बायकाही लागायच्या, पण त्यांना काही शिकवावं लागत नसे. वाटेत येशू थकतो, तेव्हा शिपाई शेतावरून घरी चाललेल्या एका माणसाला धरतात आणि क्रूस त्याच्या खांद्यावर देतात. तो कुरेनेकर शिमोन. खऱ्या शिमोनाला बिचाऱ्याला जबरदस्तीने धरलं होतं. आपला इनास मात्र नाताळचा गोठा मोडायच्या आधीच फादरांच्या दारात जाऊन उभा राहायचा, यंदाही शिमोन मीच ना, म्हणून. खरा शिमोन मळक्या कपड्यांत होता. इनासने झगा शिवून घेतला होता आणि त्याला इस्त्री असायची.

क्रूस गावच्या सुताराने केलेला. बाहेरून पाहिला तर वाटावं, उचलायला चार गडी लागतील. आतून पोकळ, रिकाम्या पेटीसारखा. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि शुक्रवारपुरतं सगळं गाव ते विसरायचं. इनास तो खांद्यावर घ्यायचा, कमरेत वाकायचा आणि कण्हायचा. त्या कण्हण्याने म्हाताऱ्यांचे डोळे भरून यायचे. एका वर्षी कुणाच्या तरी पाहुणीला राहवलं नाही, तिने त्याला भर रस्त्यात लिंबाचं सरबत आणून दिलं, आणि शिमोन ते प्यायलाही. त्यावर फादर त्याला काय बोलले ते इनासने कुणाला सांगितलं नाही.

पण एकदा घात झाला. मिरवणूक संपली, माणसं पांगली, आणि गावातली सगळ्यात म्हातारी नातालिणबाय काठी टेकत त्याच्याजवळ आली. म्हणाली, "इनास बाळा, तेच ते झालं रे तुझं कण्हणं."

बस. वर्षभर त्याच्या घशाखाली घास नीट उतरला नाही. बायको कातरीन विचारायची, काय दुखतंय. दुखत काहीच नव्हतं, हेच तर दुखणं होतं. तो केळीच्या बागेत जाऊन निरनिराळं कण्हून बघायचा. एक कण्हणं म्हशीसारखं निघालं, एक दाराच्या बिजागरीसारखं. खरं काही जमेना.

त्यात पुढच्या वर्षी येशू बदलला. जुन्या येशूचं लग्न झालं, बायकोच्या हातचं त्याला मानवलं आणि पोट झग्यात मावेना. फादरांनी गावभर दाढीवाला रोडका माणूस शोधला आणि त्यांना सापडला बस्त्याव.

बस्त्याव म्हणजे इनासचा चुलतभाऊ. दोघांच्या घरांना भिंत एकच. भिंतीच्या टोकाशी परसात आंब्याचं झाड. झाड बस्त्यावच्या बाजूला, सावली इनासच्या, आणि इकडे पडलेले आंबे कुणाचे यावरून दोघांचं बोलणं तुटलेलं. झाडाने त्यानंतर कितीदा तरी मोहोर धरला, पण ह्या दोघांना काही पाझर फुटला नाही. बस्त्याव तसा काही फार देवभोळा नव्हता. रविवारी मिस्साला यायचा, पण दाराशी उभा राहायचा, आणि प्रवचन लांबलं की चिंचेखाली जाऊन बसायचा. दाढी होती तीही भक्तीची नव्हे, आळसाची. फादरांनी विचारलं, येशू होशील का. रुतलेल्या गाडीला हात लावशील का म्हटल्यावर माणूस जसा हो म्हणतो, तसा तो हो म्हणाला.

तालमी झाल्या. दोघं एकमेकांकडे बघायचे नाहीत. काही सांगायचं झालं तर फादरांकरवी. बरं, येशू आणि शिमोन यांच्यात बोलणं कुठं आहे? त्यामुळे सोयीचंच झालं.

शुक्रवार जवळ आला आणि बस्त्याव तापाने पडला. तिन्हीसांजा झाल्या की ताप चढायचा आणि भिंतीपलीकडून त्याचं कण्हणं ऐकू यायचं. खोलवरून निघायचं, मधे शिवणीसारखं उसवायचं, आणि शेवटी काहीतरी मागायला जावं नि न मागताच मागे फिरावं, तसं विरून जायचं.

कातरीन म्हणाली, "अहो, भावजी कण्हतायत. बघून या ना जरा."

"ऐकतोय की मी," इनास म्हणाला.

आणि तो खरंच ऐकत होता. भिंतीला कान लावून, डोळे मिटून, ओठ हलवत. पलीकडे बस्त्याव कण्हला की अलीकडे इनास हळूच तसंच कण्हून बघायचा. दोन-तीन संध्याकाळींत त्याला ते जमलं. इतकं जमलं, की स्वयंपाकघरातून कातरीन धावत आली आणि त्याच्या कपाळाला हात लावून बघून गेली. नंतर ती परसातून पेजेचं पातेलं पलीकडे देऊन आली. त्याकडे इनासने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. बस्त्यावने तापाचं फादरांना कळवलं नव्हतं. ऐन वेळी त्यांनी दुसरा दाढीवाला कुठून आणायचा?

शुक्रवार उजाडला. त्या दिवशी घंटा मुक्या असतात, गावातून लाकडी ठोकळे वाजवत फिरतात. टक टक, टक टक. इनासचा कडक उपवास होता. पाण्याचा थेंबही नाही, आणि ते त्याने चार जणांना सांगितलंही होतं. दुपारी मिरवणूक निघाली तेव्हा ऊन दुधासारखं पांढरं झालं होतं. मिठागरांवरून वाफ उठत होती आणि त्या वाफेत समोरचं देऊळ जमिनीपासून वीतभर वर तरंगतंय असं वाटत होतं. केळीचं पान हलत नव्हतं. ठोकळ्यांचा आवाज कुठून येतोय ते कळत नव्हतं. आपण चालतोय की आपल्याला कुणी होडीत घालून नेतंय, हेही इनासला नीट सांगता आलं नसतं.

वाटेवरचं त्याचं स्थान, त्याचा थांबा आला. शिपायांनी त्याला धरलं, क्रूस खांद्यावर दिला. इनासने श्वास घेतला आणि कण्हला.

सगळा रस्ता शहारला. बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. नातालिणबायच्या हातातली काठी गळून पडली. फादरसुद्धा पुढची प्रार्थना वाचायची विसरून बघत राहिले. इनासला सुख झालं. त्याच्या डोळ्यांपुढे गाव विरघळलं. ह्या केळी नव्हेत, ते खजूर. ही ग्रामपंचायत नव्हे, तो येशूला शिक्षा देणाऱ्या पिलाताचा वाडा. आणि आपण दोन हजार वर्षांपूर्वीच्या धुळीतून प्रभूच्या मागून चाललो आहोत, आणि वरून देवदूत खाली वाकून विचारतायत, कोण हो हा, किती सुंदर कण्हतोय.

तेवढ्यात पुढून कुणीतरी कुजबुजलं. बस्त्याव. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"इनासदादा, डोळ्यापुढं सगळं पांढरं झालंय रे."

इनासचं स्वप्न जरासं फाटलं. ओठ न हलवता तो म्हणाला, "इथं तुझं बोलणं नाहीये."

बस्त्यावने पाऊल पुढे टाकलं. वाट पुढे सरकली. येशू तिसऱ्यांदा पडतो ते स्थान आलं, आणि बस्त्याव पडला. असा पडला, की लोक थक्क झाले. गुडघ्यावर नाही, हातावर नाही, सरळ तोंडघशी धुळीत. काय काम करतोय, असं कुणीतरी म्हणालं. शिपायांनी ठरल्याप्रमाणे काथ्याचे चाबूक उगारले. आणि धुळीतून ते कण्हणं आलं.

खोलवरून निघालं. मधे उसवलं. काहीतरी मागायला गेलं आणि न मागताच मागे फिरलं.

गर्दीतल्या एकालाही ते कळलं नाही. लोकांना वाटलं, आज येशूनेही शिमोनासारखंच कण्हायचं ठरवलंय. सबंध गावात ते कण्हणं ओळखणारा माणूस एकच होता, कारण त्याने ते भिंतीला कान लावून चोरलं होतं. इनासला कळलं, हे खरं आहे. हा उठणार नाही.

पुढे टेकडी दिसत होती. टेकडीवर माणसांची ही दाटी. तिथं क्रूस रोवताना शेवटचं कण्हायचं होतं, सगळ्यात मोठं. त्याची शहरातली लेक मुद्दाम त्याच्यासाठी वर जाऊन उभी होती. क्रूस घेऊन तशीच दोन पावलं टाकली असती, तर शिपायांनी पडलेल्याला हाताला धरून उठवलं असतं. उठवायचा प्रयत्न तरी केला असता. आणि कुणी इनासला दोष दिला नसता, त्याचं काम चोखच झालं असतं.

इनासने खाली पाहिलं. ऊन इतकं पांढरं होतं, की धुळीतल्या चेहऱ्याला नाकडोळे उरले नव्हते. नुसती दाढी, काट्यांचा मुकुट आणि आलत्याच्या लाल रंगाचं रक्त. तो बस्त्याव आहे की दुसरा कुणी, हे त्याला क्षणभर ओळखता येईना. मग ओळखायची गरजही उरली नाही.

त्याने क्रूस खांद्यावरून काढला आणि रस्त्यावर टाकला. ठण्ण असा रिकाम्या पेटीचा आवाज झाला. शुक्रवारपुरतं विसरलेलं सगळ्या गावाला एकदम आठवलं.

शिपायांचा म्होरक्या जवळ येऊन म्हणाला, "काका, असं नाहीये ह्यात."

इनासने त्याच्याकडे पाहिलं नाही. खाली बसला, बस्त्यावला पाठुंगळी घेतलं आणि उठला. अंग भट्टीसारखं तापलेलं. बस्त्याव रोडका खरा, पण शुद्ध हरपलेल्या माणसाचं ओझं काय असतं ते उचलणाऱ्यालाच ठाऊक. इस्त्रीचा झगा खांद्यापाशी टरकला. इनास रस्ता सोडून केळीच्या बागेत शिरला. पलीकडे सिस्टर लोकांचा दवाखाना होता.

आता गंमत बघा. गर्दीला वाटलं, फादरांनी यंदा वाट बदललीय. त्यामुळे सगळी मिरवणूक त्याच्यामागून बागेत शिरली. पुढे शिमोन, त्याच्या पाठीवर येशू, मागे शिपाई, त्यांच्यामागे रडणाऱ्या बायका, आणि सगळ्यांत शेवटी ध्वनिक्षेपकाची वायर ओढत फादर. पानांतून उन्हाचे कवडसे पडत होते आणि हिरव्या पाण्याखालून चालल्यासारखी सगळी चालली होती. बायकांनी धरलेलं भजन कधी थांबलं ते त्यांनाही कळलं नाही. ठोकळेही थांबले होते. ऐकू येत होता तो फक्त इनासचा धापा टाकणारा श्वास.

सिस्टरने दार उघडलं आणि बाहेर सगळं यरुशलेम उभं बघून एक पाऊल मागे सरली. मग तिने बस्त्यावच्या मानेला हात लावला, आणि तिच्या तोंडावरचं नवल पार उतरलं. त्याला आत घेतलं, सलाईन लावलं, ओल्या फडक्यांनी अंग पुसलं. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाली, टेकडीपर्यंत नेला असता तर परत आणायला काही उरलं नसतं. मग तिने कागद पुढे ओढून विचारलं, "पेशंट तुमचा कोण?"

इनासने आंब्याचा विचार केला असेल नसेल. म्हणाला, "भाऊ."

बाहेर ओट्यावर तो भिंतीला टेकून बसला. कातरीन पाण्याचा तांब्या घेऊन आली. कडक उपवास विसरून तो घटाघटा प्याला.

"एवढं ओझं पाठीवर," ती म्हणाली, "आणि वाटभर एकदाही कण्हला नाहीत हो तुम्ही."

इनासने तांब्या खाली ठेवला. आठवून बघितलं.

"सुचलंच नाही गं," तो म्हणाला.

क्रूस तिकडे रस्त्यावरच पडला होता. त्यावर एक शेळी चढून उभी राहिली होती आणि लोंबणारं केळीचं पान खात होती. संध्याकाळी सुताराने तो एका हाताने उचलून देवळात नेऊन ठेवला.

बस्त्याव बरा झाला. पुढच्या मोसमात आंबे पडले, तेव्हा ते कुणाचे हे कुणी विचारलं नाही. नातालिणबाय मात्र अजून सांगते, की इनासचं त्या वर्षीचं काम सगळ्यांत चांगलं झालं, पण शेवटी शेवटी त्याचा आवाज काही तिला ऐकू आला नाही.

तात्पर्य: पडलेल्या भावाला उचलायला खांद्यावरचा क्रूस खाली ठेवावा लागला, तर खुशाल ठेवावा, प्रभू तो खांद्यावरच आहे असं धरतो. आणि कण्हण्याची तालीम करायला ज्याला सवड सापडते, त्याने समजावं की आपण अजून ओझं उचललेलंच नाही.